सरकारी नोंदवह्यांची जोडणी : संशोधनासाठी की वगळण्यासाठी?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



माणूस जन्मला की सरकारच्या एका वहीत त्याची नोंद होते. मेला की दुसऱ्या वहीत होते. या दोन नोंदींच्या दरम्यान त्याचे आयुष्य अनेक दप्तरांत विखुरलेले असते. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, विमा दवाखान्याचा केसपेपर, प्रॉव्हिडंट फंडाचे खाते, जनगणनेचा तक्ता, अशी ही यादी बरीच लांबविता येईल. प्रत्येक वहीला आयुष्याचा एकेक तुकडा ठाऊक असतो. दवाखान्याच्या वहीला रोग ठाऊक असतो, कारखाना ठाऊक नसतो. कारखान्याच्या हजेरीपटाला कामगार ठाऊक असतो. तो गावी परतून कशाने मेला हे ठाऊक नसते. मृत्यूच्या वहीत तारीख असते, परंतु त्या मृत्यूपूर्वी किती वर्षे धूळ छातीत गेली याचा पत्ता नसतो.

या वेगवेगळ्या वह्यांतील एकाच व्यक्तीच्या नोंदी ओळखून एकत्र आणणे, याला नोंद-जोडणी म्हणतात. संगणकाच्या युगात ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या सुलभ झाली आहे. म्हणूनच तिच्याविषयी कामगारवर्गाच्या पक्षाची भूमिका स्पष्ट असणे अगत्याचे आहे. कारण याच साधनाने कष्टकऱ्यांच्या अकाली मृत्यूचे कारण उघडकीस आणता येते, आणि याच साधनाने त्यांच्या ताटातील धान्यही काढून घेता येते.

सरकारी आकडे आणि वर्गाचे वास्तव

राज्यसंस्थेच्या कागदपत्रांतूनच भांडवली व्यवस्थेविरुद्ध पुरावा उभा करण्याची परंपरा मार्क्सवादाइतकीच जुनी आहे. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने सरकारी अहवालांचा मुबलक उपयोग केला. एडविन चॅडविक हा काही क्रांतिकारक नव्हता. परंतु त्याच्या १८४२ च्या अहवालात लिव्हरपूल शहरातील मृत्यूंचे सरासरी वय वर्गवार दिलेले होते. उच्चभ्रू लोकांचे ३५ वर्षे, व्यापारी व सुस्थितीतील कारागीर यांचे २२ वर्षे आणि मजुरांचे अवघी १५ वर्षे! सरासरी इतकी खाली येण्याचे कारण म्हणजे मजुरांच्या वस्तीत पाळण्यातच मरणारी मुले. मार्क्सनेही ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कारखाना निरीक्षकांचे आणि सार्वजनिक आरोग्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे अहवाल पानोपानी वापरले, आणि १८६७ च्या प्रस्तावनेत या निरीक्षकांच्या निर्भीडपणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. जर्मनीतील आकडेवारी दरिद्री असल्यामुळे तेथील वास्तव झाकलेले राहते, हेही त्याने तेथेच नमूद केले.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. शासनाने जमविलेली माहिती शासकवर्गाचीच आहे म्हणून ती त्याज्य मानणे ही मार्क्सवादी भूमिका नव्हे.

तथापि सुट्या आकड्यांना एक मर्यादा असते, आणि सत्ताधाऱ्यांचे वकील तिचा पुरेपूर फायदा घेतात. ब्रिटनमधील ब्लॅक अहवालाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. आरोग्यातील विषमतेची चौकशी करण्यासाठी मजूर पक्षाच्या सरकारने १९७७ साली सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. अहवाल तयार होईपर्यंत थॅचरबाईंचे सरकार सत्तेवर आले होते. अकुशल मजुरांच्या वर्गातील पुरुषांचा कार्यकारी वयातील मृत्यूदर सर्वोच्च व्यावसायिक वर्गाच्या अडीचपट आहे, असे या अहवालाने दाखविले. सरकारने ऑगस्ट १९८० मध्ये, सुटीच्या दिवसांत, त्याच्या अवघ्या २६० प्रती काढल्या आणि खर्चाचे कारण सांगून शिफारशी बाजूस सारल्या.

त्यानंतर युक्तिवाद सुरू झाला तो असा : मजूर गरिबीमुळे लवकर मरतात हे खरे नव्हे, जे आजारी असतात तेच घसरत घसरत खालच्या कामावर येतात, म्हणून खालच्या वर्गात मृत्यू अधिक दिसतात. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावरील धंदा आणि जनगणनेतील धंदा यांच्या नोंदी वेगवेगळ्या हातांनी होतात; त्यांचा भागाकार करणेच चूक आहे. सुट्या वह्यांच्या आधारे या आक्षेपांना निर्णायक उत्तर देणे कठीण होते.

हे उत्तर जोडलेल्या नोंदींनी दिले. इंग्लंड व वेल्समध्ये १९७१ च्या जनगणनेतून सुमारे एक टक्का, म्हणजे जवळजवळ पाच लाख, लोकांचा नमुना घेण्यात आला होता. वर्षातील ठराविक चार जन्मतारखांवर जन्मलेले ते या नमुन्यात आले. त्यांच्या जनगणनेच्या नोंदी पुढील मृत्यूनोंदींशी जोडण्यात आल्या. आता माणसाचा धंदा मरणानंतर विचारलेला नव्हता. तो जिवंत असताना त्यानेच सांगितलेला होता. १९८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आले की, आजारपणामुळे घसरलेल्यांचा प्रभाव वजा होत जातो त्या नंतरच्या वर्षांतही वर्गावर्गांतील मृत्यूचे अंतर कायम राहते.

याच नमुन्यावरून १९८४ साली बेकारीसंबंधीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये काम शोधत असलेल्या पुरुषांचा पुढील दशकातील मृत्यूदर, सामाजिक वर्गाचा फरक विचारात घेतल्यावरही, २० ते ३० टक्क्यांनी अधिक होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या पत्नींचा मृत्यूदरही वाढलेला होता. नवरा आजारी असल्यामुळे बेकार झाला असे एक वेळ म्हणता येईल. परंतु त्याच्या बेकारीने बायकोही का मरावी? नोंद-जोडणीने विचारलेल्या या प्रश्नाला थॅचरशाहीच्या समर्थकांपाशी समाधानकारक उत्तर नव्हते.

अर्थात आकडे सिद्ध झाले म्हणून धोरण बदलले नाही. पुरावा हा चळवळीच्या हातातील हत्यार असतो. चळवळीची जागा तो घेऊ शकत नाही.

दोन प्रकारच्या जोडण्या

येथे मूळ मुद्दा येतो. जोडणी एका शब्दाने ओळखली जात असली तरी तिचे दोन सर्वस्वी भिन्न प्रकार आहेत. संशोधनाची जोडणी नावापासून सुरू होते आणि आकड्यापाशी संपते. कोण मेला हे तिला हवे नसते. कोणत्या कामातील किती मेले हे हवे असते. प्रशासनाची पाळत ठेवणारी जोडणी याच्या उलट आकड्यापासून नावाकडे परतते. अमुक कार्ड रद्द करा, अमक्याकडून वसुली करा, अमक्याला पकडा, हा तिचा शेवट असतो.

डेन्मार्कने १९६८ साली प्रत्येक नागरिकाला नोंदणी क्रमांक दिला आणि १९८१ ची जनगणना घरोघर न जाता संपूर्णपणे नोंदवह्यांवरून केली. तेथील सांख्यिकी व्यवस्थेचे तत्त्व असे की, माहितीची वाहतूक एकेरी असावी. प्रशासनाकडून ती सांख्यिकी कार्यालयात जावी, परंतु व्यक्तीविरुद्ध कारवाईसाठी परत येऊ नये. या पद्धतीचा लाभ काय? गोवराच्या संयुक्त लसीने मुलांना स्वमग्नता जडते अशी भीती १९९८ साली बारा मुलांवर आधारलेल्या एका लेखाने जगभर पसरविली होती. डेन्मार्कमध्ये १९९१ ते १९९८ दरम्यान जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या लसीकरणाच्या आणि मनोरुग्णालयांच्या नोंदी जोडून २००२ साली दाखविण्यात आले की, लस घेतलेल्या मुलांत हा धोका अधिक नाही. या कामात एकाही बालकाचे नाव कोणाला जाहीर करावे लागले नाही. तो मूळ लेख २०१० साली मागे घेतला गेला.

जोडणीचे तंत्रही याच तत्त्वावर उभारता येते. ज्या हातांकडे नावे व पत्ते असतात त्यांना रोग दिसत नाही; ज्यांना रोग दिसतो त्यांना नाव दिसत नाही, केवळ एक निरर्थक सांकेतिक क्रमांक दिसतो. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा व्यवस्था अनेक वर्षे चालू आहेत.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. हॉलंडमध्ये युद्धापूर्वी लोकसंख्येच्या नोंदवह्या अत्यंत टापटिपीने ठेवलेल्या होत्या, आणि त्यांत धर्माचीही नोंद होती. नाझी आक्रमकांना त्या आयत्याच मिळाल्या. त्या देशातील सुमारे तीनचतुर्थांश ज्यूंची हत्या झाली. शेजारच्या बेल्जियम व फ्रान्सपेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक होते. २७ मार्च १९४३ च्या रात्री प्रतिकार चळवळीच्या सैनिकांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले. त्यांच्यापैकी बाराजणांना जुलैमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. एका दप्तराला आग लावण्यासाठी माणसांनी प्राण दिले, हे नोंदवह्यांचा विचार करताना विसरता कामा नये.

आणि हे केवळ फॅसिझमच्या काळात घडते असेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून प्राप्तिकर खात्यातील वार्षिक उत्पन्न आणि निर्वाहभत्त्याच्या पंधरवड्याच्या नोंदी यंत्राने जुळवून गरिबांवर वसुलीच्या नोटिसा बजावण्यात आल्या. वर्षाच्या उत्पन्नाला पंधरवड्यांनी भागले की प्रत्येक पंधरवड्याचे उत्पन्न मिळते, असे गृहीत धरले होते. ज्याला चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, त्याच्यावर या हिशेबाने खोटे कर्ज चढले. ही योजना बेकायदेशीर ठरली, पैसे परत करावे लागले आणि जुलै २०२३ मध्ये शाही आयोगाने तिच्यावर कठोर ठपका ठेवला. परंतु तोपर्यंत लाखो लोकांनी मनस्ताप भोगला होता.

भांडवलदारांचा डोळाही या साठ्यावर असतो. २०१५ साली लंडनमधील एका सार्वजनिक रुग्णालय संस्थेने सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीच्या हवाली केली. हा व्यवहार माहिती-संरक्षणाच्या कायद्याशी सुसंगत नव्हता, असा निर्णय तेथील माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये दिला. इंग्लंडमधील सर्व दवाखान्यांच्या नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही सरकारी योजना लोकांचा विश्वास गमावल्यामुळे २०१६ साली गुंडाळावी लागली. उपयुक्त संशोधनाचे नुकसान झाले ते लोकांच्या अज्ञानामुळे नव्हे. आपल्या आजाराचा व्यापार होईल ही त्यांची शंका रास्त होती.

भारतातील विपर्यास

भारतात काय घडले? सप्टेंबर २०१० मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्यापाशी ओळखीचा कागद नाही अशा आदिवासींना ओळख मिळणार, असा त्याचा गाजावाजा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यासाठी आधार आवश्यक करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. कुटुंबाचे रेशनकार्ड आधारशी जोडलेले नसल्यामुळे रद्द झाले होते आणि घरात धान्य नव्हते, असे कुटुंबाने व रेशनहक्काच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. प्रशासनाने मलेरियाचे कारण पुढे केले. पुढे झारखंडमध्येच अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत आढळले की, रद्द झालेल्या कार्डांपैकी बहुसंख्य कार्डे बोगस नव्हती. ती खऱ्या कुटुंबांची होती.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खाते व मोबाइल यांच्याशी आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. परंतु सरकारी अनुदानासाठी ती कायम राहिली. म्हणजे ज्याच्यापाशी गमावण्यासारखे केवळ धान्यच आहे, त्याच्याच डोक्यावर ती राहिली.

येथे तंत्राविषयी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोणतीही जोडणी अचूक नसते. एका वहीत पांडुरंग आणि दुसरीत पांडू. लग्नानंतर बदललेले नाव. अंदाजाने लिहिलेले वय. खडी फोडून झिजलेला अंगठा, जो ई-पॉस यंत्र ओळखत नाही. या चुका समाजात सारख्या वाटलेल्या नसतात. त्या स्त्रिया, स्थलांतरित, दलित व आदिवासी यांच्या वाट्याला अधिक येतात. संशोधनात अशी चूक झाली तर आकडा थोडा उणा येतो, आणि संशोधक तिचा हिशेब करून ती दुरुस्त करू शकतो. रेशन दुकानात हीच चूक झाली तर चूल पेटत नाही. चूक एकच असली तरी तिची किंमत कोण मोजतो, यावर सारे अवलंबून आहे.

वगळण्यासाठी जोडणी करण्यात सरकार इतके तत्पर. मग कष्टकरी कशाने मरतात हे शोधण्यासाठी जोडणी का होत नाही? मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर व धार या जिल्ह्यांतील आदिवासी गुजरातमध्ये गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास जात. सिलिकाची धूळ छातीत भरून ते गावी परतत आणि मरत. काम एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात. छातीच्या या रोगाला अनेकदा क्षयाचे नाव मिळे. दोन राज्यांच्या वह्या एकमेकींशी कधी बोलल्याच नाहीत. स्थानिक संघटनांनी गावोगाव फिरून मृतांच्या याद्या केल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली; आणि ते मिळण्यासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. जे काम राज्यसंस्थेने आपल्या वह्यांवरून करावयाचे, ते गरिबांनी आपल्या पायांनी केले.

बीड जिल्ह्याची कहाणी वेगळी नाही. तेथील ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. महिला कामगारांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वृत्तपत्रांतून गाजला, तेव्हा शासकीय समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रियेची कोठे ना कोठे नोंद होती. परंतु दवाखान्याच्या वहीत ‘ऊसतोड’ हा शब्द नव्हता, आणि मुकादमाच्या वहीत फक्त उचल व खाडे होते.

माहिती नाही असे सरकारला म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे व धंदे आहेत. १९६९ च्या कायद्याखाली जन्ममृत्यूंची नोंद होते, आणि मृत्यूच्या सांख्यिकी पत्रकात मृताच्या धंद्याचा रकाना आहे. या दोहोंची नावविरहित जोडणी केली, तर बांधकाम मजूर, यंत्रमाग कामगार, सफाई कामगार किती वर्षे जगतात हे दरवर्षी सांगता येईल. असा तक्ता प्रसिद्ध होत नाही, कारण तो प्रसिद्ध झाला तर मालकांना आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागेल. शिवाय २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू पाव हिश्शाहूनही कमी होते. ज्याला जिवंतपणी डॉक्टर मिळाला नाही, त्याच्या मरणाचे कारण कोण लिहिणार?

दरम्यान २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचे व्यापक अधिकार केंद्राकडे ठेवले आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम अधिक बंदिस्त केले. जनता सरकारपुढे उघडी आणि सरकार जनतेपुढे झाकलेले, असा हा विपर्यास आहे.

पक्षाची कर्तव्ये

या प्रश्नावर दोन चुका टाळल्या पाहिजेत. यंत्र तटस्थ आहे, आकडे आपोआप न्याय देतील, ही पहिली चूक. ती तज्ज्ञांच्या मागे फरफटत नेते. जोडणी म्हणजे केवळ पाळत, म्हणून तिला सर्वत्र विरोध करावा, ही दुसरी चूक. ती सिलिकोसिसने मेलेल्या कामगाराच्या विधवेचा पुरावा हिरावून घेते, आणि मालकाला नेमके तेच हवे असते.

म्हणून कामगारवर्गाच्या चळवळीने पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. संशोधनासाठी जोडलेली माहिती कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वापरता येणार नाही, असा स्पष्ट कायदा हवा. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने व्यक्तीच्या जनगणना-नोंदी गुप्त ठेवून त्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरविल्याच आहेत. हेच तत्त्व विस्तारले पाहिजे. जोडणीचे काम संसदेला जबाबदार अशा सार्वजनिक संस्थेकडे असावे. खाजगी कंपन्यांना त्यात प्रवेश नसावा. धंदा, जात, लिंग व जिल्हा यांनुसार मृत्यू व रोग यांचे तक्ते दरवर्षी सर्वांसाठी खुले व्हावेत. संस्थेच्या देखरेख समितीवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. आणि कोणतेही रेशनकार्ड, पेन्शन किंवा मजुरी केवळ यंत्राच्या जुळणीवरून, माणसाला नोटीस व सुनावणी न देता, बंद होता कामा नये.

हे काम दिल्लीतच होईल असे नाही. मूळ नोंदी लिहितात त्या आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या, ग्रामसेवक आणि दवाखान्यांतील कारकून. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या याच हातांवर संशोधनाची इमारत उभी आहे. त्यांच्या संघटनांनी वेतनाच्या मागणीबरोबरच नोंदींच्या खरेपणाची मागणीही हाती घेतली, तर तिचे मोल मोठे आहे.

गावात अथवा वस्तीत कामगार मरण पावला, तर पक्ष सभासदाने त्याच्या कुटुंबासोबत नोंदणी कार्यालयात जावे. धंद्याच्या रकान्यात नुसते ‘मजुरी’ असे लिहू देऊ नये; ‘गारगोटीच्या कारखान्यात नऊ वर्षे’, ‘ऊसतोड, पंधरा हंगाम’, असे जे खरे असेल ते लिहवून घ्यावे. रकाना अपुरा पडला, तर तो वाढविण्याची मागणी करावी. उद्या त्या नोंदी कोण जोडील आणि कशासाठी, हा लढ्याचा प्रश्न आहे. परंतु जी नोंद आज झालीच नाही, ती उद्या कोणालाही जोडता येणार नाही.